काचेवरची काई, पट्टीवरचं शून्य आणि अ‍ॅडींचं पुस्तक

"पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता सिनॉप्सिससाठी कोणती पुस्तकं वाचू?" असे मेसेज दर आठवड्याला येतात. नुसती यादी देण्यात मला रस नाही. म्हणून आज एकाच पुस्तकाबद्दल सविस्तर लिहिते. पुस्तक चांगलं आहे, मिळालं तर वाचाच. पण मी ज्या पद्धतीने ते वाचलं तसं वाचू नका. त्यात माझे सहा महिने गेले. त्यातला थोडा दोष पुस्तकाचा, बराचसा माझा.

पुस्तकाचं नाव 'डायनॅमिक अ‍ॅक्वेरिया'. लेखक वॉल्टर अ‍ॅडी आणि कॅरन लव्हलँड. पहिली आवृत्ती १९९१ची, तिसरी २००७ची. अ‍ॅडी हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शैवालांचे अभ्यासक. दगडावर गुलाबी कवचासारखी चढते ती कोरलाइन शैवालं हा त्यांचा मूळ विषय. त्यामुळे मत्स्यटाकीवरच्या बाकी पुस्तकांत जी शैवालं खलनायक असतात, ती यांच्या पुस्तकात घरची माणसं आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी माझी टाकी. मी मुर्रीची. आमचं गाव गोंदिया शहराला चिकटून आहे आणि समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब आहे. एम.एस्सी. रत्नागिरीला झाली, डोक्यात समुद्र घेऊन परत आले आणि पीएच.डी.साठी विषय घेतला तो खाऱ्या पाण्यात काचेवर बसणाऱ्या थराचा. "गोंदियात राहून समुद्र?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर पाठ आहे. बंद टाकीतलं खारं पाणी मिठाच्या पाकिटातून कुठेही बनवता येतं. आणि समुद्राचं पाणी सतत येत-जात नसल्यामुळे आत काय गेलं, बाहेर काय आलं याचा हिशोब ठेवता येतो. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं, त्याच्या दारातच अरबी समुद्र होता. ती सोय मला नाही, पण ती अडचणही नाही. अ‍ॅडींची वॉशिंग्टनमधली प्रवाळाची टाकीही बंदच होती. १९८० साली तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात ती लोकांना पाहायला खुली झाली. म्हणून हे पुस्तक आपल्यासारख्यांच्या उपयोगाचं वाटलं.

तर साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच अशी काचेची टाकी घरातल्या मधल्या खोलीत मांडली. म्हणजे ५४ लिटर. दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी, थोडा दगड. पंधरा दिवसांत समोरच्या काचेवर तपकिरी पावडरीसारखा थर आला, मग त्यावर हिरवा. मी पातं घेऊन घासायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई म्हणायची, "काय घासून राहिली वं रोज रोज? धानाच्या बांधीतली काई कोणी मोजते का?" तिचं बरोबरच होतं. मोजतच नव्हते मी. मी पाणी मोजत होते.

आता नीट लक्ष द्या, कारण माझ्याकडे वाचायला येणाऱ्या निम्म्या सिनॉप्सिसमध्ये ही चूक असते. विषय टाकीचा असो, तलावाचा असो की शेततळ्याचा. बाजारात मिळणाऱ्या रंगपट्टीने मी दर रविवारी नायट्रेट आणि फॉस्फेट पाहत होते. फॉस्फेट शून्य. पुढच्या रविवारी शून्य. काचेवर मात्र काई जोरात. मी वहीत लिहिलं: "फॉस्फेट नसतानाही वाढ होते, म्हणून फॉस्फेट हा घटक येथे निर्णायक नाही." किती छान वाक्य, नाही का? आणि पूर्ण चूक.

घरातली कणगी रिकामी दिसली म्हणून यंदा धान पिकलंच नाही असं कोणी म्हणत नाही. पिकलं असेल आणि खाल्लं असेल. पाण्यातलं फॉस्फेट म्हणजे खाऊन उरलेलं फॉस्फेट. माशांचं खाणं रोज आत पडतं, त्यातून फॉस्फरस रोज येतो, आणि काचेवरची काई तो आल्या आल्या उचलते. पट्टीवर जे दिसतं ते साठा असतं. आपल्याला हवा असतो तो प्रवाह: दिवसाला किती आलं, किती गेलं.

थोडी आकडेमोड करू, ती मी वहीत केली नव्हती म्हणून इथे करते. मार्लिन अ‍ॅटकिन्सन आणि स्टीफन स्मिथ यांचा १९८३ चा निबंध आहे, तळाला किंवा पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण किती असतं यावर. त्यांना मध्यक प्रमाण मिळालं ५५० : ३० : १, अणूंच्या मोजणीत. समजा आपल्या वाळवलेल्या काईच्या वजनात ३० टक्के कार्बन आहे. मग एक ग्रॅम वाळलेल्या काईत साधारण १.४ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो. फॉस्फेटच्या भाषेत ४.३ मिलिग्रॅम. हे सगळं ५४ लिटरमध्ये परत विरघळवलं तरी लिटरला ०.०८ मिलिग्रॅम होतं. माझ्या रंगपट्टीवर शून्यानंतरचा पहिला रंग पाव मिलिग्रॅमचा होता. म्हणजे एक अख्खा ग्रॅम वाळलेली काई, जी ओली असताना चांगली मूठभर दिसते, तिच्यातलं सगळं फॉस्फेट एकदम पाण्यात आलं असतं तरी माझ्या पट्टीला पत्ता लागला नसता. आणि मी त्या पट्टीच्या जोरावर "निर्णायक नाही" असं लिहून मोकळी झाले होते.

इथेच रेडफिल्डबद्दलही बोलून घेते, कारण टाकीवाल्यांत आणि विद्यार्थ्यांत हे नाव फार फेकलं जातं. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवलं की समुद्रातल्या तरंगत्या जीवांमधलं आणि खोल पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण एकमेकांशी जुळतं. पुढे ते १०६ : १६ : १ असं रूढ झालं. हे महासागराच्या सरासरीचं वर्णन आहे. ते बटण नाही, की नायट्रेट-फॉस्फेट १६ला १ वर आणून ठेवलं की काचेवरची काई बंद. काचेला चिकटलेली शैवालं तर वर पाहिल्याप्रमाणे फॉस्फरस आणखी काटकसरीने वापरतात. त्यात भर म्हणजे रेडफिल्डचं प्रमाण अणूंचं आणि आपल्या पट्टीवरचे आकडे मिलिग्रॅमचे. नायट्रेटचा रेणू ६२चा, फॉस्फेटचा ९५चा. म्हणजे १६ला १ हे मिलिग्रॅममध्ये सुमारे साडेदहाला १ होतं. एकक न बदलता थेट १६ने भाग देऊन निष्कर्ष काढलेला एक प्रोजेक्ट मी पाहिलाय. त्याला चांगले मार्क पडले होते.

अ‍ॅडींचं मोठेपण नेमकं या ठिकाणी आहे. ते पाण्यातल्या उरलेल्यावर विसंबत नाहीत. त्यांची पद्धत थोडक्यात अशी: मुख्य टाकीच्या बाहेर एक उथळ तबक, त्यात प्लास्टिकची जाळी, वर प्रखर दिवा. पाणी सरळ धारेने न सोडता लाटेसारखं, थांबून थांबून ओतायचं. जाळीवर आखूड गवतासारखी शैवालं दाट उगवतात. काही दिवसांनी जाळी बाहेर काढायची, खरवडायची, खरवड वाळवायची, वजन करायची आणि फेकून द्यायची. त्या वजनासोबत पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस टाकीबाहेर गेले. मुख्य टाकीचे दिवे बंद असतात तेव्हा, म्हणजे रात्री, तबकाचा दिवा लावायचा. मग रात्री टाकीतला प्राणवायू फार खाली जात नाही आणि पाणी आम्लाकडे झुकत नाही. शैवाल वाढणारच असेल तर ते आपल्या सोयीच्या जागी वाढवा आणि तिथून उचला, हा त्यामागचा विचार. जिवाणूंच्या गाळणीवर अ‍ॅडींचा आक्षेप असा, की ती घाण दुसऱ्या रूपात बदलते आणि नायट्रेट म्हणून टाकीतच ठेवते. जाळीवरची शैवालं ती उचलतात आणि आपण ती बाहेर नेऊ शकतो.

हे वाचलं आणि मला माझं रोजचं घासणं आठवलं. पात्याने काच घासली की थर सुटतो, पाण्यात तरंगतो, पंप त्याला फिरवतो, थोडा दगडांच्या फटीत बसतो, कुजतो, आणि तिसऱ्या दिवशी तोच फॉस्फरस परत काचेवर. मी काढत काहीच नव्हते, फक्त जागा बदलत होते. त्या दिवसापासून पद्धत बदलली. आधी पंप बंद. पातं खालून वर, हळू, म्हणजे खरवड पात्यावर गोळा होते. प्रत्येक फटक्यानंतर पातं टिश्यूवर पुसायचं. खाली पडलेलं बारीक नळीने ओढून बादलीत घ्यायचं. टिश्यू आधी वजन करून ठेवलेला, नंतर वाळवून पुन्हा वजन. तुमच्याकडे चुंबकाची घासणी असेल तर वाळूपाशी जपून, एक कण अडकला की काचेवर कायमची रेघ. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक असेल तर धातूचं पातं लावूच नका. २०१५ साली तारापोरवालाच्या नूतनीकरणात जो बोगदा केला तो अ‍ॅक्रिलिकचा होता, आणि तिथे घासणाऱ्या माणसाचा हात किती हलका असावा लागत असेल याचा विचार मी टाकी सांभाळायला लागल्यावरच केला. दुकानात मिळणारी शैवालनाशक औषधं खाऱ्या टाकीत ओतण्यापूर्वी लेबल वाचा. तांबं असेल तर मासे वाचतील कदाचित, पण गोगलगायी आणि कोळंब्या जातील. म्हणजे काच फुकट साफ करणारे कामगार आपणच मारायचे.

हे झालं पुस्तकाचं देणं. आता त्याचं घेणं.

अ‍ॅडींच्या पुस्तकात एकाहून एक मोठ्या टाक्या आहेत. प्रवाळाची, मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्याची, चेसापीक खाडीची, फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीची. प्रत्येक टाकी एकच. टाकी चालली, वर्षानुवर्षं चालली, आणि तिच्यातलं जीवन निसर्गातल्या मूळ जागेशी तुलना करून पाहिलं, असा सगळा युक्तिवाद. तुलना निसर्गाशी आहे. 'याच टाकीसारखी, पण जाळी नसलेली' अशी जोडीची टाकी नाही. म्हणून टाकी चालली हे पटतं, पण ती जाळीमुळे चालली हे त्या पुराव्यावरून पटायला नको. पाणी भरपूर हलवलं, दिवे प्रखर, माशांची संख्या मर्यादित, आणि सांभाळणारी माणसं जगातली सगळ्यात जाणकार. यातलं कशामुळे काय झालं?

शिवाय एक साधी गोष्ट. या जाळीच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट १९८२ सालचं, अ‍ॅडींच्याच नावावर. त्यामुळे पुस्तक खोटं ठरत नाही. पण शोधकाने स्वतःच्या शोधाबद्दल लिहिलेलं पुस्तक वाचताना, यश म्हणजे काय याची व्याख्याही त्यानेच ठरवलीय का, हे विचारायला हवं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ साली ग्रेट बॅरिअर रीफचं मोठं मत्स्यालय उभं राहिलं, तिथे सुरुवातीला हीच पद्धत घेतली होती आणि पुढे सोडली. या पद्धतीत पाणी पिवळट होतं ही प्रवाळ पाळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना अ‍ॅडींचं पुस्तक उद्धृत केलंत आणि नंतर तो मार्ग सोडणाऱ्यांबद्दल एक ओळही लिहिली नाहीत, तर तो रिव्ह्यू नव्हे, जाहिरात.

मला हे तेव्हा दिसलं नाही. मी त्यांच्यासारखीच एक टाकी घेऊन बसले. फरक इतकाच की मी तिला आकडेवारीचे कपडे चढवले. टाकीत सूक्ष्मदर्शकाच्या बारा काचपट्ट्या दोऱ्याने लटकवल्या. काचपट्टी बुडवून तिच्यावर काय बसतं ते पाहायची रीत जुनी आणि सन्मानाची आहे. फिलाडेल्फियाच्या रूथ पॅट्रिक यांनी १९५०च्या दशकात तिचं एक उपकरणच केलं, डायटोमीटर. नदीत काचपट्ट्या सोडायच्या आणि त्यांच्यावर बसलेल्या डायटमच्या जाती मोजून नदीची तब्येत ओळखायची. निरोगी नदीत जाती खूप आणि प्रत्येकीची संख्या बेताची, बिघडलेल्या नदीत थोड्याच जाती माजलेल्या. आपण जी काच घाण झाली म्हणून घासतो, ती पॅट्रिकबाईंच्या हिशोबाने लिहिलेली पाटी आहे. तर माझ्या बारा पट्ट्या. सहा मी जाळी बसवण्यापूर्वी काढल्या, सहा नंतर. नंतरच्या पट्ट्यांवर थर कमी. टी-टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू सुरेख आली, पीपीटी केली.

सादरीकरणात बाहेरून आलेल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "या बारा पट्ट्या आहेत, की एकच टाकी बारा वेळा?"

मला प्रश्नच कळला नाही, इतकी मी निर्धास्त होते. मॅडमनी मग समजावलं. बाराही पट्ट्यांना पाणी एक, दिवा एक, खोली एक. त्या एकमेकींच्या साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराने बारा वेळा दिलेली जबानी आहे. शिवाय पहिल्या सहा एप्रिलच्या, नंतरच्या सहा जुलैच्या. मधल्या काळात उन्हाळा गेला, खिडकीतला उजेड बदलला, लोडशेडिंग बदललं, गोगलगायी मोठ्या झाल्या. जाळीशिवाय यातल्या कशानेही थर कमी झाला असेल. सिनॉप्सिस परत. सहा महिन्यांनी पुन्हा या. फेलोशिपचं नूतनीकरण त्याच्यावर टांगलेलं होतं, म्हणून त्या रात्री मी जेवले नाही हे लपवत नाही.

या चुकीला नाव आहे आणि ते तुम्हाला माहीत असायलाच हवं: स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे पुनरावृत्तीचा आभास. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. परिस्थितिकीतले १७६ प्रायोगिक अभ्यास त्यांनी तपासले. २७ टक्क्यांमध्ये ही चूक सापडली आणि ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या होत्या तेवढेच धरले तर ४८ टक्क्यांमध्ये. म्हणजे मी एकटी नव्हते, पण ही सांत्वना फार वेळ टिकत नाही. मेथडॉलॉजीच्या पेपरला आपण रेप्लिकेटची व्याख्या घोकतो. टाकी समोर आली की विसरतो.

मग एका टाकीने काहीच सिद्ध होत नाही का? होतं, जोडी असेल तर. कॅनडात ओंटारियोमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. डेव्हिड शिंडलर यांनी तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा झाला नाही. १९७४ साली ते 'सायन्स'मध्ये आलं. विमानातून घेतलेला तो फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलाच असेल. हर्लबर्टच्या काटेकोर मापाने इथेही प्रत्येक बाजूला एकच तळं आहे, हे खरं. पण आभाळ एक, पाऊस एक, माती एक, आणि फरक एकाच गोष्टीचा. अ‍ॅडींच्या सगळ्या टाक्यांपेक्षा तो एक पडदा मला जास्त बोलका वाटतो. पुस्तकाबद्दलचं माझं मत विचाराल तर ते हेच: टाकी कशी बांधावी यासाठी अ‍ॅडी वाचा, आणि ती का चालते हे विचारायची वेळ आली की शिंडलरकडे जा.

आता शेवटची चूक, जी मॅडमच्याही लक्षात आली नव्हती. ती मला आमच्या स्वयंपाकघरात सापडली.

सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं: "आर.ओ. पाणी वापरले." वाचणाऱ्याला वाटतं, शुद्ध पाणी. पण घरच्या प्युरिफायरमध्ये एक बारीक खिळ आहे, टीडीएस कंट्रोलर. पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून ती पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळते. आमचं पाणी बोअरवेलचं, कठीण खडकातून येणारं. अशा पाण्यात सिलिका विरघळलेली असते, आणि काचेवर सगळ्यात आधी येणारा तो तपकिरी थर डायटमचा असतो. डायटमचं कवच सिलिकेचंच बनतं. मग मी टीडीएस मीटर का लावला नाही? लावला होता. ७० दाखवत होता. मला वाटलं कमीच आहे. पण टीडीएस मीटर मोजतो ती विजेची वाहकता. पाण्यातली सिलिका बहुतेक विद्युतभार नसलेल्या रूपात असते, ती मीटरला जवळजवळ दिसतच नाही. फॉस्फेटची पट्टी आंधळी, मीटर आंधळा, आणि मी दोघांच्या सह्या घेऊन बसलेली.

त्यातून आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, घरात कूलर, टाकीतलं पाणी बघता बघता खाली जातं. समजा रोज एक लिटर उडतं. उडते ती वाफ, मीठ आणि सिलिका मागे राहतात. मी रोज एक लिटर वरून घालायचे, महिन्याला तीस लिटर. त्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम सिलिका असेल असं धरलं तर महिन्यात तीनशे मिलिग्रॅम आत गेली आणि बाहेर काही गेलं नाही. ५४ लिटरमध्ये ती लिटरला साडेपाच मिलिग्रॅम झाली असती, डायटमने खाल्ली नसती तर. मुंबईच्या दमट हवेत इतकं पाणी उडणार नाही आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तर नाहीच. अ‍ॅडींचं पुस्तक मुर्रीच्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नव्हतं. हा दोष त्यांचा नाही. पण मी त्यांची पद्धत उचलली तेव्हा इथलं पाणी आणि इथलं ऊन त्या पद्धतीत कुठे बसतं हे तपासणं माझं काम होतं.

हे सगळं अजून अंदाजच आहे, बरं का. डायटम सिलिकेमुळे वाढले असं म्हणणं आणि फॉस्फेट निर्णायक नाही असं म्हणणं, दोन्ही वाक्यं एकाच घाईची लेकरं असू शकतात. म्हणून आता टाकी बाजूला ठेवलीय. क्लाउनफिश गोंदियातल्या मामेभावाकडे गेले.

मधल्या खोलीत नऊ बरण्या आहेत. प्लास्टिकच्या, कारण काच स्वतःच सिलिकेची. काचेतून फारसं काही विरघळत नाही, पण सादरीकरणात विचारलंच तर उत्तर हवं. प्रत्येकीत सारखं मीठ, सारखं डिस्टिल्ड पाणी, एकेक काचपट्टी. पाणी उडालं की तीन बरण्यांत डिस्टिल्डच घालायचं, तीनमध्ये घरच्या प्युरिफायरचं, आणि तीनमध्ये डिस्टिल्ड पाण्यात फक्त सिलिकेट मिसळलेलं. तिसरा गट नसता तर प्युरिफायरच्या पाण्यासोबत आलेलं फॉस्फेट की सिलिका, हे कळलं नसतं. आणि या वेळी नऊ म्हणजे खरंच नऊ. पहिली फेरी तरीही वाया गेली. खिडकीकडच्या बरण्यांवर थर जास्त, आणि मी सोयीसाठी एकेक गट एकेका ओळीत मांडला होता. म्हणजे पुन्हा तेच, गट आणि उजेड एकमेकांत गुंतलेले. गाइड सर फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

दुसऱ्या फेरीत जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. चिठ्ठ्या आईने उचलल्या. वरून घालायच्या पाण्याच्या बाटल्यांवर भाऊ क, ख, ग लिहून देतो. कोणतं अक्षर कोणत्या पाण्याचं, ते त्याच्या वहीत आहे, माझ्या नाही. आज सकाळी चौथ्या आणि सातव्या बरणीची पट्टी तपकिरी दिसायला लागली. दोघी खिडकीपासून लांब आहेत आणि दोघींना ख बाटलीचं पाणी जातं. पट्ट्या काढायला अजून अकरा दिवस आहेत.